मॅनेजरची आंघोळ

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “आजी, दिवाळी अंक आहे. काहीतरी हलकंफुलकं, गमतीदार लिहा. जनावरांच्या डॉक्टरकडे किस्सेच किस्से असतात.”

असतात. पण त्यातले बहुतेक जनावर मेल्यावर संपतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. तरी शब्द दिला आहे, तर लिहिते. पहिला भाग गमतीचा आहे. ज्यांना चकलीसोबत वाचायचं आहे त्यांनी वामनरावांचं नाव आलं की अंक मिटून ठेवावा.

माझी नोकरी सरकारी. गायी-म्हशींची बाळंतपणं, शेळ्यांची फुगलेली पोटं, बैलांचे खूर, यात हयात गेली. कासव या प्राण्याबद्दल कॉलेजात जे शिकवलं ते एका तासात आटोपलं आणि त्या तासाला मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होते. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला तो पोपट-सशांसाठी. त्यात कासवं येऊ लागली आणि येतच राहिली, कारण दुसरं कोणी त्यांना हात लावायला राजी नव्हतं. आपल्या नागपूरच्या धंतोलीत माणसाच्या एकेका अवयवाला वेगळा डॉक्टर आहे. कासवाच्या सगळ्या अवयवांना मिळून मी. माझी नात विचारते, “आजी, इतकं शिकून तू कासवांना आंघोळी घालतेस?” खरं आहे तिचं. माझे निम्मे उपचार म्हणजे कोमट पाणी.

या विद्येची सुरुवात कशी झाली ते सांगायचं तर तरुणपणच्या मला इथे बोलवावं लागेल. बाई फार गोड होती. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तो ती बसमध्येही काढायची नाही. लोकांना कळावं ना, डॉक्टर आहे म्हणून! एकदा शेजारच्या सीटवरच्या काकूंनी सबंध प्रवासभर आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं, आणि ही “हं, हं” करत उतरेपर्यंत मान डोलावत राहिली. मी गायीची डॉक्टर आहे, एवढं म्हणायला काही तिची जीभ वळली नाही.

तर या बाईकडे इतवारीतले एक सेठ आले. पितळी भांड्यांचं दुकान. बशीत पाणी घालून पितळी कासव उत्तरेकडे तोंड करून ठेवलं की घरात पैसा टिकतो, असं मानणारे लोक तेव्हाही कमी नव्हते, आणि सेठ अशी कासवं डझनाने विकत. गिऱ्हाइकांना भरवसा वाटावा म्हणून गादीशेजारी त्यांनी एक जिवंत कासव पाळलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, आपल्याकडचंच. आज ते घरात ठेवणं गुन्हा आहे. तेव्हाही असेल, पण सेठना ठाऊक नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नाही.

“डॉक्टरबाई, लक्ष्मी उपाशी हाय,” सेठ म्हणाले. “पाय ताणून राहिली नुसती. काही निघत नाही.”

बाईंनी काय करावं? स्टेथोस्कोप कासवाच्या पाठीवर ठेवला. बंद तिजोरीला कान लावल्यावर जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकू आलं. तरी मान हलवली. मग मागच्या पायाच्या पुढच्या खोबणीत बोट घातलं, तर आत काहीतरी टणक, गोल लागलं. म्हशींची बाळंतपणं केलेली बाई! लगेच जाहीर केलं, “सेठ, अंडं आहे. लक्ष्मी बाळंतीण होणार.”

सेठनी गल्लीभर पेढे वाटले.

अंडं काही येईना. बाईंनी निदान बदललं नाही, नुसतं पुढे नेलं. “अडली आहे. परातीत कोमट पाणी घ्या आणि बसवा. कळा येतील.” परात आली. त्या दुकानात परातींना काय तोटा? लक्ष्मीला पाण्यात ठेवलं, तशी तिने मान लांब केली, नाकतोंड पाण्यात बुडवलं आणि प्यायला लागली. गळा नुसता हलतोय, हलतोय. इतकं कोरडं जनावर मी तोवर पाहिलं नव्हतं. पोटभर पाणी झाल्यावर शेपटी सरळ झाली आणि मागून चुन्यासारखा पांढरा लगदा आला. त्यापाठोपाठ एक पांढरा खडा. बोराएवढा.

सेठनी हात जोडले. बाईंनी मात्र त्या सरळ झालेल्या शेपटीकडे पाहिलं. चांगली लांब, जाड शेपटी होती. लक्ष्मी नर होता.

घरी जाऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की तो मुतखडा होता. जमिनीवरचं कासव पाणी फार जपून वापरतं. आपण जे पाण्यावाटे बाहेर टाकतो ते कासव लगद्यावाटे टाकतं. पाणी कमी पडलं की लगदा घट्ट होतो, आणखी कमी पडलं की त्याचा दगड बनतो. कोमट पाण्यात बसवलं की कासव पाणी पितं आणि तिथेच सगळं मोकळं करतं. म्हणजे उपचार अगदी बरोबर झाला होता. फक्त निदान साफ चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगावं, असा विचार होता. गेले, तर तो खडा देव्हाऱ्यात, चांदीच्या वाटीत, लाल कापडावर ठेवलेला. बाईंनी नमस्कार केला आणि परत आल्या. सेठ पुढे आयुष्यभर कशाची पूजा करत होते हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा लक्ष्मी.

हसून झालं असेल तर थोडं शिकून घ्या. आता दुकानांतून जी कासवं मिळतात ती परदेशी, पावसाळी जंगलांतली. रीतसर नोंद करून पाळता येतात. ज्या जंगलात जमीन कधी सुकत नाही तिथलं हे जनावर आपण नागपूरच्या मे महिन्यात आणून ठेवतो. इथे बादलीतला शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. दुकानदार सांगतो, “काही नाही करावं लागत. हप्त्यातून एकदा पाणी शिंपडायचं.” शिंपडून काय होतं? मग पाठ गुळगुळीत वाढायच्या ऐवजी एकेक चौकोन समोशासारखा वर येतो, डोळे खोल जातात, आणि पोटात सेठच्या देव्हाऱ्यातला देव तयार व्हायला लागतो.

पाणी कसं द्यायचं? उथळ टब घ्यायचा, आरपार न दिसणारा. काचेचा घेतला तर ते बाहेर पाहत भिंतीवर चढायची धडपड करतं आणि दमतं. पाणी कोमट हवं. टाकीच्या नळाचं चालत नाही, कारण उन्हाळ्यात दुपारी आपल्या टाकीच्या पाण्यात चहा होईल, आणि जानेवारीत त्याच पाण्याने दातावर दात वाजतील. पिल्लू असेल तर रोज, मोठं झालं तरी हप्त्यातून दोन-तीनदा. पितं, घाण करतं, मग ते पाणी फेकायचं. तेच पाणी दुसऱ्या दिवशी नाही. बाहेर काढलं की कोरडं पुसायचं, आणि कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. कूलरची ओल त्याला आवडते, वारा सोसत नाही. मी लोकांना कूलरचा जुना वाळा भिजवून त्याच्या खोक्यात अंथरायला सांगते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. याला पोहता येत नाही. पाय खांबासारखे, पाठीवर ओझं. खोल पाण्यात टाकलं की दगड टाकल्यासारखं खाली जातं.

हे सांगितलं की हमखास एक वाक्य ऐकू येतं. “काहीही काय बाई! कासव आहे नं ते!” एका सुशिक्षित कुटुंबाने मोठ्या हौसेने माशांच्या टाकीत ठेवलं होतं. रंगीत खडे, बुडबुड्यांचं यंत्र, छोटासा प्लास्टिकचा किल्ला. सकाळी ते किल्ल्याशेजारी तळाला होतं. माझ्याकडे पाणी घेऊन आले, बाटलीत, तपासायला. पाण्यात विष कोणी घातलं ते शोधून द्या म्हणाले. मी म्हटलं, विष नाही, पाणीच आहे. ते उठून गेले. जाताना नवरा बायकोला म्हणत होता, “म्हातारीले काही समजत नाही.”

आता वामनराव. फराळवाल्यांनी अंक मिटावा.

वामनराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले, मग पत्नी गेली. घरात मुलगा संजय आणि सून वर्षा. कासव होतं नातीचं. ती हौसेने तळहाताएवढं पिल्लू घेऊन आली, रीतसर नोंदही केली, आणि शिकायला बंगलोरला निघून गेली. वामनराव पहिल्यांदा ते माझ्याकडे घेऊन आले तेव्हा त्यांनी ते जेवणाच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. काळं कवच, पायांवर लाल ठिपके.

“नाव काय याचं?” मी विचारलं.

“मॅनेजर.”

“काहून?”

“पाहा नं बाई. काम काही नाही, गरम जागा धरून बसून राहते, कोणाकडे पाहत नाही, अन् खायच्या टायमाले बरोबर हजर. आमच्या कंपनीतले सारे मॅनेजर असेच होते. आयुष्यभर त्यायची हाजी हाजी केली. आता म्हटलं, एक आपला बी पाळू.”

मी पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कारखान्यातल्यासारखे प्रश्न विचारले. किती गरम? किती वेळ? किती खोल? मी म्हटलं, “हनुवटीपर्यंत. मान उचलली नाही तरी श्वास घेता आला पाहिजे आणि मान खाली केली की पिता आलं पाहिजे. बस.” पुढच्या वेळी आले तर काखेत निळा प्लास्टिकचा टब. मीच त्यांना दिलेला. त्याच्या आतल्या बाजूने सगळीकडून तांबडीलाल पट्टी मारलेली, आणि पट्टीच्या वर अक्षरं काढलेली, “धोका”.

“कंपनीत टाक्यायले अशीच मारत होतो,” ते म्हणाले. “पाणी पट्टीच्या वर गेलं म्हणजे अपघात. ज्याले वाचता येते त्याले बी समजलं पाहिजे, न ज्याले नाही येत त्याले बी.”

“मॅनेजर वाढला की पट्टी वर न्यावी लागेल.”

“तेव्हाचं तेव्हा. हे लोक पन्नास-पन्नास वर्सं जगते म्हणता तुमी. तेव्हा मी असीन काय? दुसरा कोणी मारीन पट्टी.”

मी हसले. दोघंही हसलो. पन्नास वर्षांच्या गोष्टी करायला आमची वयं तरी कुठे होती!

पुढच्या उन्हाळ्यापूर्वी वामनरावांची किडनी गेली. धंतोलीत डायलिसिस सुरू झालं. आणि डॉक्टरांनी त्यांचं पाणी बांधलं. किडनीच्या रोग्याला पाणी मोजून प्यावं लागतं, जास्त झालं की ते फुप्फुसात साचतं. वामनरावांचं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून वर्षा फ्रिजवर ठेवायची. चहा, औषध, सगळं त्यातूनच. नागपूरचा मे महिना, आणि बाटलीभर पाणी.

त्या दिवसांत मी मॅनेजरला पाहायला म्हणून त्यांच्या घरी जायची. खरं तर वामनरावांना पाहायला. ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसलेले, पुढे निळा टब. पाण्यात कोपर बुडवून पाहायचे, मग मॅनेजरला अलगद खाली ठेवायचे. मॅनेजर दोन पावलं चालायचा, थांबायचा, मान लांब करायचा आणि प्यायला लागायचा. कासवाचं पिणं तुम्ही पाहिलं नसेल. घाई नाही, आवाज नाही. नुसता गळा हलतो, एका लयीत, बराच वेळ.

वामनरावांचे ओठ फुटलेले. ते त्या गळ्याकडे पाहत होते.

“पी गा,” ते म्हणाले. “पी. माझ्या वाट्याचं बी पी.”

मी आयुष्यभर तोंडाळ बाई. त्या दिवशी मात्र उगीच पाण्यात बोट घालून ते कोमट आहे का ते पाहिलं. कोमटच होतं. त्यांचं पाणी कधीच चुकायचं नाही.

पावसाळ्यात ते दवाखान्यात भरती झाले. तिथूनच त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “बाई, मॅनेजरची आंघोळ होऊन राहिली काय, जरा घरी जाऊन पाहता काय? पोराले विचारलं तर नुसता हो हो म्हणते.”

गेले. हॉलमध्ये टीव्हीच्या खाली स्टीलची परात. परातीत बोटभर गढूळ पाणी. त्यात मॅनेजर. आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि मागे विटा. फक्त पुढची बाजू भिंतीकडे मोकळी. त्याला वळता येत नव्हतं, मागे येता येत नव्हतं. पाण्याला वास येत होता.

“हे काय आहे, संजय?”

संजय साधा माणूस. शांतपणे म्हणाला, “वास्तूवाले आले होते, बाई. ते म्हणाले, कासवाचं तोंड दक्षिणेकडे जाऊन राहिलं म्हणून घरात आजारपण हाय. उत्तरेकडेच पाहिजे. आता हा तर फिरतो. मग विटा लावल्या.”

“अरे, जिवंत आहे ते!”

“म्हणूनच तर लावल्या नं, बाई. पितळेचं असतं तर विटा कशाले लागल्या असत्या?”

मी जे काही बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. विटा उचलल्या, परात उलटी केली. मॅनेजरचे डोळे आत गेलेले, पोटाखालच्या कवचाला पांढरी बुरशी. मी म्हटलं, “मी याला घेऊन जाते.” तर संजय दारात उभा. “नाही बाई. बाबा भरती असताना लक्ष्मी घराबाहेर नाही पाठवत.” इतवारीचा सेठ आठवला. तीच लक्ष्मी, तोच नर.

वाद ऐकून वर्षा स्वयंपाकघरातून आली. तोवर ती या जनावराला कधी शिवलीही नव्हती. पदराला हात पुसत म्हणाली, “मले दाखवा, बाई. मी करते.”

दाखवलं. मुलीच्या हाताला वळण होतं. कोपराने पाणी पाहायला सांगितलं तर म्हणाली, “हो, लेकराच्या आंघोळीसारखं.” कासव टबात उतरवताना खाली तळहात धरायचा, ते सांगावंच लागलं नाही. लाल पट्टी पाहून म्हणाली, “बाबा न बाप्पा! किडनी गेली पण फोरमनकी गेली नाही.” बुरशीला औषध लावायचं, पुसायचं, सुकवायचं, सगळं तिने पुढे नीट केलं. आठवड्याभरात मॅनेजरचे डोळे वर आले. मी दवाखान्यात जाऊन वामनरावांना सांगितलं. विटांचं सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास त्यांना घरी सोडलं. आता काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणून सोडलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. बाजेवर पडलेले असायचे. वर्षा टब उचलून बाजेशेजारी आणायची, म्हणजे त्यांना कुशीवर वळून पाहता येई. मी गेले तेव्हा ते हाच विषय घेऊन बसले होते.

“बाई, माझं जाऊ द्या. या मॅनेजरच्या पाण्याचं काय?”

मी म्हटलं, “मी नेते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वरून खालपर्यंत. “तुमी? तुमच्या न माझ्यात कितीक फरक हाय, बाई? मी फोरमन होतो. शिफ्ट सुटणारा माणूस आपली मशीन दुसऱ्या सुटणाऱ्याच्या हवाली नाही करत.”

हसले तेही, खोकलेही. वर्षा टबातलं पाणी फेकून येत होती. म्हणाली, “बाबा, तुमी कशाले ताण घेता? मी हाव नं. मी पाहीन त्याचं.”

“पट्टीपर्यंतच हां, पोरी.”

“हो, बाबा. पट्टीपर्यंतच.”

वामनराव भिंतीकडे वळून झोपले. त्या दिवशी ते गाढ झोपल्याचं वर्षाने मला नंतर सांगितलं.

थंडी सुरू झाली आणि ते गेले.

मी गेले होते तिरडी उचलताना. घरात ही गर्दी. नागपूरचे, वर्ध्याचे, काटोलचे नातेवाईक. बंगलोरहून नात आली होती, रडत होती. मॅनेजर कुठे दिसला नाही. मनात आलं विचारावं. पण सुतकाच्या घरात जाऊन कासवाने पाणी घेतलं का हे कसं विचारणार? लोक म्हणाले असते, या म्हातारीला माणूस गेल्याचं काही नाही. आणि मनात म्हटलं, वर्षा आहे ना. मग मी माझ्या घरी गेले आणि दार लावून बसले, कारण माझ्या वयात दुसऱ्याच्या सुतकात आपलंही थोडं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वर्षाचा फोन आला. आवाज हलका होता. बऱ्याच दिवसांनी.

“बाई, तुमाले सांगायचं राहून गेलं. मॅनेजरले मोकळं केलं आमी.”

“म्हणजे?”

“तो काही खाऊनच नव्हता राहिला, बाई. बाबा गेल्यापासून. बाजेखाली जाऊन बसे, डोळे मिटून. निघेच नाही. हळद लावलेली काकडी दिली, पपई दिली. नाही म्हणजे नाही. बाबायच्या बहीण, आत्याबाई, म्हणाल्या, वामनचा जीव याच्यात अडकला हाय, याले सोडल्याशिवाय त्याले गती नाही. सारेच म्हणाले. पटलं मले बी. बाबायचा होताच तेवढा जीव.”

मला ते सगळं डोळ्यापुढे दिसलं. थंडीचे दिवस, घरात गर्दी, न्हाणीघरात सतत कोणी ना कोणी. त्या दिवसांत मॅनेजरला कोमट पाणी कोण घालणार? थंडीत, कोरडं, पाण्याविना असलेलं कासव खात नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून बसतं. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. तहान होती ती. त्यांना ती माया वाटली.

“कुठे सोडलं, वर्षा?”

“तलावात, बाई. तेरवीचं जेवण झालं न सारे जण गेलो. याले आंघोळ घातली कोमट पाण्यात, शेवटची. मस्त पाणी प्याला तेव्हा. हळदकुंकू लावलं, हार घातला. यायनी पायरीवर उतरून हातावरून सोडलं. न बाई, काय सांगू तुमाले! एकदम सरळ आत गेला. एकदा बी वर नाही आला. एकदा बी मागं नाही पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, पाहा, वामन सुटला. मी तर रडलीच. म्हटलं, आता याले रोज पाणी भेटीन. कोणी घालायची गरजच नाही.”

इतवारीतली ती बाई आठवली, इस्त्रीच्या साडीतली, देव्हाऱ्यापुढे हात जोडून गप्प उभी राहिलेली. तिला गप्प राहणं सोपं होतं. तो खडा होता.

पलीकडून वर्षा म्हणाली, “बाई? ऐकून राहिल्या नं? खुश असन नं तो?”

“वर्षा,” मी म्हटलं, “त्याला पोहता येत नव्हतं.”

फोनवर मागे भांड्यांचा आवाज येत होता. तेरवीची भाड्याने आणलेली भांडी कोणीतरी मोजून परत करत होतं.

“पण बाई,” ती म्हणाली, अगदी हळू, “कासव होतं नं ते.”

दोन दिवसांनी ती स्वतः आली. आत आली नाही. बसली नाही. निळा टब दाराशी ठेवला, घासून, पुसून आणलेला. “तुमचा होता,” म्हणाली आणि मी चप्पल शोधेपर्यंत कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. मी हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते? की मी शिकवलेलं सगळं तू बरोबर केलंस, शेवटच्या दिवशीसुद्धा कोपराने पाणी पाहिलं असशील?

टब आता माझ्या दवाखान्यात आहे. दुसऱ्यांची कासवं त्यात बसतात, पितात, घाण करतात, मी पाणी फेकते. पट्टी काढायचा मी प्रयत्न केला होता. रॉकेल लावून पाहिलं, घासणीने घासलं. निघत नाही. हिंगण्याच्या कारखान्यातला रंग आहे, टाक्यांना मारायचा. पाण्याने जायचा नाही.